एन्कोडरवरून वेग आणि त्वरण काढताना आकडे नाचतात, कोणता फिल्टर लावू?

लंबक६०
मंडळी, मांडणी साधी आहे. २४ व्होल्टची डीसी मोटर, शाफ्टवर ६०० पीपीआरचा (फेरीला ६०० पल्स देणारा) इन्क्रिमेंटल एन्कोडर, म्हणजे शाफ्ट किती फिरला ते पल्समध्ये सांगणारा सेन्सर (ए आणि बी असे दोन चॅनल, एनपीएन ओपन कलेक्टर), एसटीएम३२एफ१०३ मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड. क्वाड्रेचरमुळे (ए आणि बी पाव पिरिअडने मागेपुढे, दोन्हींचे चढते-उतरते एज मोजायचे) एका फेरीला २४०० काउंट मिळतात. दर मिलिसेकंदाला काउंटर वाचतो, मागचा आकडा वजा करतो, त्यावरून वेग.

६० आरपीएमला (मिनिटाला ६० फेऱ्या) मोटर डोळ्यांना अगदी शांत फिरताना दिसते, पण वेगाचा आलेख ५० आणि ७५ यांच्यात उड्या मारतो. ६० हा आकडा एकदाही येत नाही! त्याचाच पुन्हा फरक घेऊन त्वरण काढलं तर उणे २५,००० ते अधिक २५,००० आरपीएम प्रति सेकंद. पीआयडी कंट्रोलरमधला डी (एररच्या बदलाच्या दरावर चालणारा भाग) चालू केला की मोटर करकरते. ५० सॅम्पलची सरासरी घेतली, आलेख गुळगुळीत झाला, पण आता कंट्रोल लूपच डोलायला लागला.

कोणता फिल्टर लावू?

शेंगदाणा
जागा धरून ठेवतो. 'कालमन' हा शब्द कितव्या प्रतिसादात येतो ते मोजतोय.

मोजपट्टी
फिल्टरच्या आधी हा नॉइज आहे तरी का, ते बघा. ६० आरपीएम म्हणजे सेकंदाला एक फेरी, म्हणजे २४०० काउंट, म्हणजे मिलिसेकंदाला २.४ काउंट. काउंटर अपूर्णांक देत नाही, त्यामुळे कधी २ येणार, कधी ३. एका काउंटची किंमत २५ आरपीएम. दोन काउंट ५०, तीन काउंट ७५. ६० येणार कुठून? पाचात तीनदा ५० आणि दोनदा ७५ येत असेल, सरासरी बरोबर ६०. तुमचा एन्कोडर खोटं बोलत नाहीये, तुम्ही त्याला सुट्ट्या पैशांची अडचण करून ठेवली आहे.

त्वरणाचंही तेच. एका मिलिसेकंदात २५ आरपीएमचा फरक म्हणजे सेकंदाला २५,०००. तुमचा आकडा तंतोतंत एका काउंटचा आहे. यात मोटरचं काहीच नाही.

कंट्रोलवाला
मोजपट्टी यांच्याशी सहमत. आता लूप का डोलला ते.

५० सॅम्पलच्या सरासरीत प्रत्येक सॅम्पल हा दोन काउंटमधला फरक आहे. ते सगळे बेरजेत घातले की मधले आकडे एकमेकांना काटतात. उरतं काय, तर आत्ताचा काउंट वजा ५० मिलिसेकंदांपूर्वीचा काउंट, भागिले ५० मिलिसेकंद. म्हणजे तुम्ही फिल्टर लावलाच नाही, फक्त खिडकी १ वरून ५० मिलिसेकंद केली. एका काउंटची किंमत २५ वरून ०.५ आरपीएमवर आली हा फायदा. तोटा असा की हा वेग आत्ताचा नाही, खिडकीच्या मध्याचा आहे, २५ मिलिसेकंद शिळा.

लूपची बँडविड्थ (किती जलद बदलांना तो साथ देतो) १० हर्ट्झ धरली तर २५ मिलिसेकंद म्हणजे ९० अंशांचा फेज लॅग. बहुतेक लूपकडे फेज मार्जिन, म्हणजे डोलायला लागण्याआधी सोसता येणारा लॅग, ४५-६० अंश असतं. डोलणार नाही तर काय! १० सॅम्पलची खिडकी घेतली तर पायरी २.५ आरपीएमची, उशीर ५ मिलिसेकंद, १० हर्ट्झला १८ अंश. तेवढं खपतं.

खटपट्या
एवढं गणित कशाला, कालमन फिल्टर (मोटरचं मॉडेल आणि मोजमाप यांचा मेळ घालून अंदाज काढणारा) टाका आणि मोकळे व्हा. वेग आणि त्वरण दोन्ही एकदम मिळतात.

शेंगदाणा
चौथा प्रतिसाद. माझा अंदाज तिसरा होता.

तारजोडणी
कालमनच्या आधी तारा बघा, प्लीज. क्वांटायझेशन (पूर्ण काउंटमध्येच मोजल्याने येणारी पायरी) एक गोष्ट, इलेक्ट्रिकल गडबड दुसरी, आणि दोन्हींवरचा उपाय वेगळा.

ओळखायची पद्धत: मोटर हाताने धरून थांबवा, ड्राइव्ह एनेबल करा, पीडब्ल्यूएम (मोटरचा पुरवठा झपाट्याने चालू-बंद करणारा सिग्नल) चालू असू द्या. काउंट एकाने मागेपुढे झाला तर शाफ्ट नेमका एजवर (सिग्नल बदलतो त्या कडेवर) उभा आहे, काळजी नको. काउंट एका दिशेने सरकत राहिला तर गोंगाट आत शिरतोय. तुमच्या एन्कोडरला झेड (फेरीला एकदाच येणारा पल्स) असेल तर आणखी सोपं. दोन झेडमध्ये बरोबर २४०० काउंट आलेच पाहिजेत, २३९९ नाही आणि २४०३ही नाही.

ओपन कलेक्टर आहे म्हणता, म्हणजे आउटपुट सिग्नल फक्त खाली ओढतो, मग वर ओढणारा रेझिस्टर, म्हणजे पुलअप, कोणता? चिपमधला आतला पुलअप साधारण ४० किलोओहमचा. केबल ५ मीटर, मीटरला १०० पिकोफॅरड धरा, ५०० पिकोफॅरड झाले. गुणाकार २० मायक्रोसेकंद. ३००० आरपीएमला ए चॅनलची वारंवारता ३० किलोहर्ट्झ, आणि लागोपाठच्या दोन एजमध्ये अंतर फक्त ८.३ मायक्रोसेकंद. सिग्नल वर चढेपर्यंत पुढचा एज येऊन गेलेला असतो. बाहेरून २.२ किलोओहम लावा, तोच गुणाकार १.१ मायक्रोसेकंदावर येतो.

लंबक६०
आतलाच पुलअप आहे. केबल दीड मीटर. झेड नाही. काउंट सरकत नाही, एकाने मागेपुढे होतो.

तारजोडणी
दीड मीटर आणि ६० आरपीएमला निभावतंय, वेग वाढवला की कळेल. रेझिस्टर आजच बदला, दहा मिनिटांचं काम. पिनवर किती व्होल्ट येतात तेही बघा. काही एन्कोडरच्या आतच सप्लायला पुलअप असतो, मग १२ व्होल्टवर चालवला की पिनवर १२ व्होल्ट येतात. एफ१०३च्या बऱ्याच पिना ५ व्होल्ट सोसतात, १२ कोणतीच सोसत नाही.

एन्कोडरची केबल मोटरच्या तारांसोबत एकाच पट्ट्यात आवळू नका. केबल लांब असेल तर ओपन कलेक्टरचा नादच सोडा, लाइन ड्रायव्हर आउटपुटचा एन्कोडर घ्या. ए आणि ए-बार (ए चा उलटा सिग्नल) एका ट्विस्टेड पेअरमध्ये, रिसिव्हरच्या टोकाला १२० ओहम.

आणि टायमरच्या एन्कोडर मोडमध्ये इनपुट फिल्टर आहे, तो शून्यावर ठेवलेला असतो हे लोक विसरतात. ७२ मेगाहर्ट्झला सगळ्यात वरची सेटिंग (१५) सुमारे ३.६ मायक्रोसेकंदांपेक्षा छोटे काटे (गोंगाटाचे क्षणिक पल्स) गाळते. ३००० आरपीएमच्या ८.३ मायक्रोसेकंदांना ती चालते. त्याहून बराच वेग वाढवणार असाल तर कमी करा, नाहीतर खरे एजही गाळले जातील.

अडाणी_अभियंता
एक शंका. काटा आला तर एक काउंट वाढतो, लगेच एक कमी होतो, बेरीज शून्य. मग क्वाड्रेचरमध्ये काय बिघडतं?

तारजोडणी
एका वेळी एकाच चॅनलवर काटा आला तर पोझिशनला काही होत नाही, बरोबर. पण एजची वेळ मोजत असाल तर त्या काट्याची वेळ नोंदली जाते आणि क्षणभर वेग काही हजार दिसतो. काही जण बी न बघता फक्त ए वर इंटरप्ट लावून काउंट वाढवतात, त्यांचा तर प्रत्येक काटा जमेत जातो.

मोजपट्टी
वेळ मोजण्याचा विषय निघालाच आहे तर मूळ प्रश्नाचं खरं उत्तर तिथेच आहे. मिलिसेकंदात काउंट २ की ३ हे ढोबळ, पण एज नेमका केव्हा आला हे टायमर १ मायक्रोसेकंदाच्या अचूकतेने सांगतो. तो आकडा फेकून देऊन वर फिल्टर लावणं म्हणजे ताक सांडून निवळी पिणं.

ठरलेल्या वेळात काउंट मोजणं ही एम पद्धत. दोन एजमधला वेळ मोजणं ही टी पद्धत. ६० आरपीएमला ए च्या एका चढत्या एजपासून पुढच्या चढत्या एजपर्यंत १६६७ मायक्रोसेकंद. त्यात १ मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे ०.०६ टक्के, म्हणजे ०.०४ आरपीएमपेक्षाही कमी. कुठे २५ आणि कुठे ०.०४!

३००० आरपीएमला उलटं. पिरिअड ३३ मायक्रोसेकंद, १ मायक्रोसेकंदाची चूक ३ टक्के, म्हणजे ९० आरपीएम. तिथे एम पद्धतीचे २५ आरपीएम बरे. तुमच्या आकड्यांना दोन्ही पद्धती साधारण १६०० आरपीएमला समसमान होतात. टायमर १ मेगाहर्ट्झऐवजी ७२ वर चालवला तर ही सीमा बरीच वर सरकते.

कंट्रोलवाला
आणि दोन्हींचा मेळ म्हणजे एम/टी पद्धत. जपानमधल्या ओमाए आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये मोटर ड्राइव्हसाठी मांडली, अजून तीच चालते. खिडकी संपली की काउंटही बघायचा आणि शेवटच्या एजची वेळही. वेग = (या खिडकीतल्या शेवटच्या एजचा काउंट वजा मागच्या खिडकीतल्या शेवटच्या एजचा काउंट) भागिले (त्या दोन एजमधला खरा वेळ). भागाकारात १ मिलिसेकंद हा ठोकळ आकडा कुठेच येत नाही, म्हणून २ की ३ हा वादही येत नाही. वेगवेगळ्या वेगांना पद्धत बदलायची भानगडही नाही.

लंबक६०
हे करून बघतो. चारही एज घेतले तर वेळ आणखी लवकर मिळेल ना? ४१७ मायक्रोसेकंदाला एक?

मोजपट्टी
घेऊ नका! बऱ्याच एन्कोडरांच्या डेटाशीटमध्ये ए-बी मधलं अंतर पाव पिरिअड, अधिक-उणे एक अष्टमांश, असं लिहिलेलं असतं. म्हणजे ४१७ च्या जागी २०८ ते ६२५ मायक्रोसेकंद काहीही आलं तरी माल नियमात बसतो. २०८ ला वेग दिसेल १२०, ६२५ ला ४०. मोटर मात्र ६० नेच फिरतेय. ए ची चढती कड ते ए ची चढती कड असंच मोजा, म्हणजे ड्युटी (पल्स किती वेळ वर राहतो) आणि फेजची (ए-बी मधल्या अंतराची) चूक दोन्ही टोकांना सारखीच येते आणि वजाबाकीत जाते. पोझिशनसाठी २४००, वेळेसाठी ६००.

खटपट्या
किंवा चार वेगवेगळे टाइमस्टॅम्प ठेवा. प्रत्येक प्रकारच्या एजचा पिरिअड त्याच प्रकारच्या मागच्या एजपासून मोजा. अपडेट चौपट वेळा, आणि चूक तरीही कटते.

मोजपट्टी
मान्य, हे चांगलं आहे. इंटरप्टचा भार चौपट होतो एवढंच.

एफ१०३वाला
प्रत्यक्ष जोडणी कशी ते लिहितो, कारण इथेच लोक अडकतात.

ए आणि बी एका टायमरच्या चॅनल १-२ ला, एन्कोडर मोड. ए चीच तार दुसऱ्या टायमरच्या कॅप्चर इनपुटलाही (एज येताच वेळ नोंदणारं इनपुट) द्या, तो टायमर १ मेगाहर्ट्झवर. कॅप्चर हार्डवेअर करतं, म्हणून इंटरप्टला उशीर झाला तरी नोंदलेली वेळ बरोबर राहते. इंटरप्टमध्ये 'आत्ता किती वाजले' विचारणाऱ्या कोडमध्ये हा फायदा नाही. आर्डुइनो उनोवर तर मायक्रोसेकंद देणारं फंक्शन मुळातच ४-४ च्या पायरीने चालतं.

कॅप्चर इंटरप्टमध्ये दिशा बघून पिरिअडचा काउंट एकाने वाढवा किंवा कमी करा, आणि वेळेसोबत तो एकत्र साठवा. १ किलोहर्ट्झच्या लूपमध्ये ही जोडी वाचताना मध्येच नवा एज येऊ शकतो: काउंट जुना, वेळ नवी. म्हणून काउंट वाचा, वेळ वाचा, काउंट पुन्हा वाचा. बदलला असेल तर परत वाचा.

वजाबाकी १६ बिटच्या अनसाइन्ड आकड्यांतच करा, टायमर एकदा उलटला तरी उत्तर बरोबर येतं. पण १ मेगाहर्ट्झला तो ६५.५ मिलिसेकंदांत उलटतो. तुमच्या एन्कोडरला साधारण १.५ आरपीएमच्या खाली एक पिरिअड त्याहून मोठा होतो, मग उत्तर गाढवासारखं येतं. ओव्हरफ्लो मोजा किंवा त्याखाली सरळ शून्य माना.

अडाणी_अभियंता
मोटर थांबली तर एजच येणार नाही. मग शेवटचा वेग तसाच चिकटून राहतो, नाही का?

एफ१०३वाला
राहतो. म्हणून छत लावायचं. शेवटचा एज येऊन जेवढा वेळ झाला तेवढ्यात एकही नवा पिरिअड पूर्ण झालेला नाही, म्हणजे वेग ६० भागिले (६०० × गेलेला वेळ) यापेक्षा जास्त असूच शकत नाही. १०० मिलिसेकंद झाले तर १ आरपीएम. जुना वेग आणि हे छत यात जे लहान ते घ्या. मोटर थांबताना आकडा मग आपोआप शून्याकडे जातो.

दिशा बदलली तर तो पिरिअड टाकून द्या, वेग शून्य धरा. शाफ्ट एजवर थरथरत असेल तर ए ची तीच कड परत परत येते आणि काही मायक्रोसेकंदांचे पिरिअड दिसतात.

हिसका
अवांतर: त्वरणाचा दर म्हणजे जर्क, त्याला मराठीत 'हिसका' म्हणावं असा माझा जुना प्रस्ताव आहे. लंबक६० यांच्या आकड्यांवरून हिसका काढला तर दोन लागोपाठच्या सॅम्पलमध्ये पाच कोटी आरपीएम प्रति सेकंद वर्ग येईल. मोटर भिंतीतून पलीकडे गेली पाहिजे.

शेंगदाणा
वाचनखूण साठवली, फक्त या प्रतिसादासाठी.

खटपट्या
माझ्या कालमनला कोणी हात लावला नाही. एम/टी वेग देते, त्वरण कोण देणार?

कंट्रोलवाला
कालमन वाईट नाही, पण त्याला मोजमापाचा नॉइज यादृच्छिक असावा लागतो. क्वांटायझेशन तसा नसतो. ५०.५ आरपीएम घ्या. मिलिसेकंदाला २.०२ काउंट. म्हणजे २, २, २, २... आणि दर पन्नासाव्या सॅम्पलला एकदा ३. हा २० हर्ट्झचा ठोका झाला! २० हर्ट्झचा लो-पास त्याला अंगाखांद्यावर खेळवेल. वेग थोडा बदलला की ठोक्याची वारंवारता बदलते, आणि माणूस गिअरबॉक्स उघडून बसतो. म्हणून आधी मोजमाप सुधारा, मग हवा तो फिल्टर.

माझी पसंती ट्रॅकिंग लूप. कालमनचाच स्थिर गेनवाला गरीब भाऊ. दर लूपला (टी म्हणजे लूपचा काळ सेकंदांत, केपी आणि केआय हे गेन):
अंदाज = जुनी पोझिशन + वेग × टी
चूक = मोजलेली पोझिशन − अंदाज
पोझिशन = अंदाज + केपी × टी × चूक
वेग = वेग + केआय × टी × चूक
२० हर्ट्झसाठी केपी सुमारे २५१, केआय सुमारे १५,८००, टी ०.००१. ट्यून करायचा आकडा एकच, बँडविड्थ.

याची खोड: मोटर सतत वेग वाढवत असेल तर हा वेग खऱ्यापेक्षा या सेटिंगला १६ मिलिसेकंद मागे राहतो. मोटरचा करंट मोजत असाल तर टॉर्क कॉन्स्टंट × करंट भागिले इनर्शिया हे त्वरण अंदाजातच मिळवा, लॅग बराचसा जातो. इनर्शियात २० टक्के चूक असली तरी फायदा होतो.

आकडेमोड_मावशी
त्वरणाबद्दल. दोनदा फरक घेऊ नका, खिडकीतल्या पोझिशनमधून एक पॅराबोला बसवा आणि त्याचं दुसरं डेरिव्हेटिव्ह घ्या. सावित्स्की-गोले म्हणतात ते हेच, १९६४ सालचं. पाच बिंदूंसाठी गुणक २, −१, −२, −१, २, भागिले ७ × टी वर्ग. साध्या १, −२, १ पेक्षा नॉइज साडेचार पट कमी.

पण खरी गंमत खिडकीच्या लांबीत आहे. पॅराबोलाच्या त्वरणाचा नॉइज लांबीच्या अडीचाव्या घाताने पडतो. लंबक६० यांच्या आकड्यांना, क्वांटायझेशन यादृच्छिक धरून (कंट्रोलवाल्यांचा ठोका इथेही लागू, तेव्हा हे आशावादी आकडे समजा), ५ बिंदूंना सुमारे ३,८६० आरपीएम प्रति सेकंद, २० ला ११०, आणि ५० ला फक्त ११. उशीर अनुक्रमे २, ९.५ आणि २४.५ मिलिसेकंद. लूपमध्ये वापरायचं असेल तर २० च्या आसपास थांबा. नंतर आलेख काढायचा असेल तर लांब खिडकी मध्यावर ठेवा, उशीर शून्य.

एजचे टाइमस्टॅम्प असतील तर पॅराबोला दर मिलिसेकंदाच्या काउंटमधून न बसवता (वेळ, एज) या जोड्यांमधून बसवा. एजच्या क्षणी पोझिशनमध्ये क्वांटायझेशनची चूक नसतेच, फक्त एन्कोडरच्या चकतीवरच्या पट्टीच्या छपाईची असते. गुणक मात्र दर वेळी नव्याने काढावे लागतात, बिंदू समान अंतरावर नसतात.

चाकोरी
सगळं करून वेगात फेरीला एकदा अशी लाट उरली तर फिल्टरच्या मागे लागू नका, बसवणी तपासा. चकती केंद्रापासून ०.०५ मिमी सरकलेली आणि पट्टीची त्रिज्या २० मिमी असेल तर वेगात ०.२५ टक्के लाट येणारच. ६० आरपीएमला ती ०.१५, म्हणजे एम पद्धतीत दिसतही नव्हती, एम/टी केल्यावर डोकं वर काढते. शाफ्ट वाकडा किंवा कपलिंगचा ग्रब स्क्रू एका बाजूने आवळलेला, हीच कारणं बहुधा. घट्ट कपलिंग आणि वर एन्कोडरचं अंगही घट्ट बोल्ट केलेलं असं करू नका. एका बाजूला लवचिकता हवीच, पण रबरी नळीचा तुकडा नको, तो स्वतःच स्प्रिंगसारखा झुलतो.

लंबक६०
सगळ्यांचे आभार. २.२ किलोओहम लावले, ए ची तार दुसऱ्या टायमरला दिली, ५ मिलिसेकंदांची खिडकी, एम/टी. ६० आरपीएमला आता ५९.८ ते ६०.२. ट्रॅकिंग लूप अजून लावलेलाच नाही.

पण डी चालू केला की थोडी करकर अजून आहे.

कंट्रोलवाला
वेगाच्या लूपमध्ये डी म्हणजे त्वरणच. पीआय ठेवा, डी काढून टाका. पोझिशनच्या लूपमध्ये डी हवा असेल तर एररचं (सेटपॉइंट वजा मोजलेली पोझिशन) डेरिव्हेटिव्ह घेऊ नका, हाच मोजलेला वेग उणे चिन्हाने द्या. सेटपॉइंट बदलताना बसणारा झटकाही त्यात वाचतो.

आणि पीडब्ल्यूएम किती किलोहर्ट्झला आहे? १-२ असेल तर ती करकर एन्कोडरची नाहीच, वाइंडिंगची आहे. २० च्या वर न्या.

लंबक६०
१ किलोहर्ट्झ होता. २० केला. गप्प झाली.

शेंगदाणा
म्हणजे अर्धी तक्रार एन्कोडरची नव्हतीच!

तारजोडणी
२० केलात तर ड्रायव्हर चिप हात लावून बघा, स्विचिंगमुळे जास्त तापेल. एल२९८ सारखा जुना असेल तर विशेष.